एकशे त्रेचाळीस खोके आणि एक रणगाडा

शिझुओकात जन्म घेऊन वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत मी प्लास्टिकचा एकही रणगाडा जोडला नव्हता, यात कुणाच्या बापाचं काय जात होतं हे मला अजून कळलेलं नाही. मान्य आहे, आमचं गाव प्लास्टिकच्या मॉडेलांचं. इथे भरचौकात दगड भिरकावला तर तो मॉडेलच्या कारखान्यात कामाला निघालेल्या माणसाला लागतो, नाहीतर तिथून निवृत्त होऊन घरी बसलेल्याला. पण म्हणून गावातल्या प्रत्येकाने रणगाडे जोडलेच पाहिजेत असा काही कायदा आहे का? आमच्याकडे चहाचेही मळे आहेत. तरी एखाद्याला चहा न आवडण्याची मोकळीक आहेच ना? (मला चहा आवडतो. मुद्दा तो नाही.)

मी इशिगामी. माझा धंदा खोक्यांचा. चहा, मिठाई, वाळवलेले मासे असल्या मालासाठी पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्या कारखान्यात मी एकोणतीस वर्षं आहे. खोका म्हटला की मला त्यातलं सगळं कळतं. खोक्याच्या आत काय असतं, याच्याशी माझा आजवर संबंध आला नव्हता आणि तो यावा अशी माझी इच्छाही नव्हती.

हे सगळं सुरू झालं एका शिक्क्यापासून. आमच्या वस्तीत मंडळाच्या सूचना एका पाटीला अडकवून घरोघर फिरवतात. पाटी आपल्या दारावर आली की वाचायची, वाचल्याचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दारावर अडकवायची. आता मला सांगा, ती पाटी कुणी वाचतं का? छत्तीस घरांत एकही माणूस वाचत नाही. पण शिक्का मात्र छत्तीसच्या छत्तीस मारतात. त्या दिवशी सोमवार होता, माझ्या तोंडात पाव होता, एक पाय बुटात होता, आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडत होती.

"अहो, पाटी कालपासून पडलीय! उन्नोसान काय म्हणतील? मारा शिक्का आणि जाताजाता अडकवा त्यांच्या दारावर."

मी मारला. कागदावर एक चौकोन रिकामा दिसला, त्यात मारला. रिकाम्या चौकोनात शिक्का मारणं हा आम्हा लोकांचा स्वभावच आहे. तो जन्मापासून असतो, त्याला इलाज नाही.

चौथ्या दिवशी संस्कृती दिनाच्या प्रदर्शनाची छापील पत्रिका आली. फुलांची मांडणी, अमक्या बाई. सुलेखन, तमके गृहस्थ. आणि तिसऱ्या ओळीत: रणगाडा (प्लास्टिक मॉडेल), श्री. इशिगामी.

मी तडक मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष म्हणजे शिराईसाहेब. हायस्कूलचे उपमुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण शाळा सुटली आहे हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी चष्मा लावून मूळ कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. 'रणगाडा' या शब्दापुढच्या चौकोनात शिक्का होता.

"शिक्का तुमचाच ना?"

"माझाच. पण मी घाईत होतो हो. वाचल्याचा म्हणून मारला."

"घाईतला शिक्का तिरका पडतो, इशिगामीसान. हा बघा कसा सरळ बसलाय. मन शांत असल्याशिवाय असा पडत नाही."

"ती माझ्या हाताची सवय आहे! कारखान्यात दिवसाला दोनशे मारतो."

"असेल. तुमचं नाव काढून टाकता येईल की. पाटी पुन्हा सगळ्यांच्या घरी फिरवू. कारण लिहू की इशिगामीसान न वाचता शिक्का मारतात, तरी सर्वांनी संमती द्यावी. मग छत्तीस शिक्के पडले की झालं. फिरवू?"

न वाचता छत्तीस जण मारतात, पण लेखी कबूल करणारा एक मीच ठरलो असतो. वर त्या कबुलीवरसुद्धा बाकीचे पस्तीस जण न वाचताच शिक्का मारणार. मी दात-ओठ खात घरी आलो.

तरीही मी हार मानली नसती. ताप आला म्हणालो असतो, परगावी बदली झाली म्हणालो असतो. पण त्याच संध्याकाळी ओइशीबाई आल्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांचे यजमान गेल्याला दीड वर्ष झालं होतं. बाई दारातच कमरेत वाकल्या, हातात बांधलेली मिठाई, आणि वर मान करेनात. बायकोने त्यांना जवळजवळ ओढून आत घेतलं.

"बावीस वर्षं ती ओळ ह्यांची होती," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी पत्रिकेत रणगाडा छापला आणि पुढे नावच नव्हतं. सभागृहात त्यांचं टेबल तसंच मांडलेलं, वर पांढरी चादर, आणि चादरीवर काही नाही. मी दिवसभर त्या टेबलाकडे बघायचं टाळत होते. आणि आज पत्रिकेत तुमचं नाव बघितलं..." मग घरून पाठ करून आणल्यासारखं एक वाक्य त्यांनी पुरं केलं. "यंदा ते टेबल रिकामं नसेल ना हो?"

अन्यायाविरुद्ध माणसाला लढता येतं, सरकारविरुद्ध लढता येतं, शिराईसाहेबांविरुद्धसुद्धा हातपाय मारता येतात. पण ओल्या डोळ्यांनी मिठाई घेऊन आलेल्या बाईपुढे काय करायचं, हे कुठल्या शाळेत शिकवतात? मी म्हणालो, "नसेल." बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की जणू खिडकीतून उडी मारतो म्हणालो.

"मग किट विकत घेऊ नका," बाई म्हणाल्या. "ह्यांच्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही येऊन एक निवडा."

आता निवडायचं म्हणजे काय? गेलो, उचललं, आलो. पाच मिनिटांचं काम. माझा आपला असा समज होता.

रविवारी सकाळी मी तळमजल्यावर उतरलो तर उन्नोसान बूट घालून जिन्यात उभे. उन्नोसान आमचे शेजारी. त्यांनी चाळीस वर्षं मॉडेलच्या साच्यांना झिलई देण्याचं काम केलं. त्यामुळे प्लास्टिकच्या कुठल्याही वस्तूकडे ते आधी संशयाने बघतात. "सहज निघालो होतो," म्हणाले. सहज निघालेल्या माणसाच्या खिशात भिंग असतं का? आणि ओइशीबाईंच्या दारात पोचतो तर आत शिराईसाहेब आधीच बसलेले, संत्री सोलत.

दिवंगत ओइशीसानची खोली बघून मी दारातच थबकलो. जमिनीपासून छतापर्यंत नुसते खोके. बाईंनी मोजले होते, एकशे त्रेचाळीस. एकाच्याही आतली पिशवी फोडलेली नव्हती.

"पहिलाच ना तुमचा?" उन्नोसाननी विचारलं. "मग चाकं मोजा."

"चाकं?"

"रणगाडा निवडायचा तर आधी चाकं मोजायची. चित्र बघायचं नाही. प्रत्येक चाक प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचं, त्याची कड पॉलिश पेपरने घासायची, मग जोडायचं. पाच चाकांचा रणगाडा घेतला तर दोन्ही बाजूंची मिळून दहा. 'वाघ' नावाच्या त्या जर्मन रणगाड्याच्या नादी लागू नका. त्याची चाकं एकावर एक, एकाच्या आत एक. भल्याभल्यांनी हात टेकले."

"जर्मन कशाला?" शिराईसाहेब उसळले. "संस्कृती दिनाला जर्मन? कुठली संस्कृती ती? आपल्या देशाचा घ्यावा. पाचच चाकं आहेत."

"त्याच्या दिव्यांचे भाग बारीक आहेत. हे चिमट्यातून उडवतील."

"उडवणार नाहीत. समजूतदार गृहस्थ आहेत ते."

"समजूतदारपणाचा आणि चिमट्याचा काय संबंध? बोटं बघा त्यांची!"

दोघांनी माझी बोटं बघितली. माझ्या देखत, माझ्याच बोटांवर चर्चा झाली. जाड आहेत असं ठरलं. मला मध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. मग रशियन घ्यावा असं निघालं. कारण रशियन रणगाडा मुळातच ओबडधोबड असायचा, त्यामुळे चूक झाली तरी ती इतिहासाच्या नावावर खपते. मग त्याला पांढरा रंग द्यावा, म्हणजे बर्फाखाली सगळं झाकलं जाईल. मग सगळाच्या सगळा चिखलात बुडालेला दाखवावा, म्हणजे रणगाडा जोडायचीच गरज नाही. बाई चहा देत राहिल्या. आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी उसासा टाकून म्हणायचं, "ओइशीसानचा रणगाडा मात्र उत्तम असायचा हं." दुसरा म्हणायचा, "उत्तम." की मग पुन्हा माझी बोटं बघायची.

असे तीन रविवार गेले. तिन्ही रविवारी मी रिकाम्या हाताने वर आलो. कारण आमच्यात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय काही ठरवायची पद्धत नाही. दरम्यान इमारतभर बातमी झाली होती. लिफ्टमध्ये ज्यांच्याशी मी अकरा वर्षांत 'आज गार आहे' यापलीकडे बोललो नव्हतो, ते मला अडवून सांगायला लागले, की चाकं कमी बघा. कारखान्यात माझ्या हाताखालचे लोक जेवणाच्या सुट्टीत सांगायला लागले. दाताचा डॉक्टर माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून म्हणाला, "वाघ घेऊ नका बरं का." त्याला उत्तरही देता येईना.

चौथ्या रविवारी माझं डोकं फिरलं. खोलीमध्ये मी उभा राहिलो आणि म्हणालो, "पुरे! एकोणतीस वर्षं मी खोक्यांत काढली आहेत. खोका कसा ओळखायचा ते मला कुणी शिकवायचं नाही!"

आणि मी एकेक खोका हातात घेऊन बघायला लागलो. पुठ्ठ्याची जाडी बघितली. कोपरे बघितले. झाकण उचललं की आतली हवा कशी सुटते ते ऐकलं. एक हलका होता, चांगला होता, पण कडेला चिकटपट्टीचा लोंबता तुकडा. ठेवून दिला. आणि मग मधल्या रांगेतून एक खोका निघाला, असा की काय सांगू! जाड पांढरा पुठ्ठा, चारही कोपरे काटकोनात, आणि झाकण असं सावकाश खाली बसत गेलं, की माझ्या कारखान्यात ज्याने असा खोका केला असता त्याला मी स्वतः शंभरदा शाबासकी दिली असती. चांगला जड होता. मी म्हटलं, माल भरपूर दिलाय.

"हा," मी म्हणालो आणि तो बाईंकडे दिला; त्यांनी रीतीप्रमाणे पुढे केला, मी दोन्ही हातांनी घेतला. बाई वाकल्या. मी वाकलो. मग चित्राकडे बघितलं.

वाघ होता.

उन्नोसाननी डोळे मिटून घेतले. दोन्ही हातांनी, वाकून घेतलेली वस्तू परत ठेवायची सोय आमच्याकडे नाही. तेव्हा मी ताठ मानेने तो खोका घेऊन जिना चढलो. तो इतका जड का आहे ते वर जाऊन कळलं. चाकं तर होतीच. त्याशिवाय चाकांवरून फिरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची एकेक कडी वेगळी होती, प्रत्येक बाजूला शहाण्णव. चांगला खोका केला म्हणून ज्या अज्ञात कारागिराला मी मनात दुवा दिला होता, तो मी मागे घेतला.

त्यानंतर वासाचं प्रकरण. आमच्या इमारतीत रंग, गोंद अशा वासाच्या वस्तू वापरायच्या तर देखरेख समितीची परवानगी लागते. समितीचे अध्यक्ष कोण? शिराईसाहेब.

"रणगाडा जोडायचाय ना," मी म्हणालो, "तुम्हीच तर सांगितलंत."

"ते मी मंडळाचा अध्यक्ष म्हणून सांगितलं. इथे मी समितीचा अध्यक्ष आहे. समितीच्या नियमात घरात रंगकाम बसत नाही."

"मग मंडळाच्या अध्यक्षांना सांगा की इशिगामींना जमणार नाही."

"असं तोंडी कसं सांगणार? पत्र पाठवावं लागेल."

त्यांनी स्वतःला पत्र लिहिलं. मग आठ दिवस विचार केला. मग स्वतःला उत्तर लिहिलं, आणि उत्तराची एक प्रत मला दिली. त्यात लिहिलं होतं, की दोन्ही बाजूंनी सामंजस्य दाखवल्याबद्दल मंडळ समितीचं आभारी आहे. परवानगी मिळाली ती फक्त न्हाणीघरात, खिडकी उघडी ठेवून, रविवारी नऊ ते अकरा. तशी सूचना लिफ्टमध्ये माझ्या नावासकट लागली. म्हणजे रविवारी नऊ ते अकरा मी उघड्या खिडकीत पाटावर उकिडवा बसतो आणि रणगाड्यावर रंग फवारतो, हे अख्ख्या इमारतीला वेळापत्रकासह ठाऊक झालं. खालून लोक वर बघून वाकून नमस्कार करत. मीही न्हाणीघरातून वाकत असे. त्यातच एकदा फवारा आरशावर गेला.

रंगाचं म्हणाल तर, डबीवर 'गडद पिवळा' लिहिलं होतं आणि पुस्तिकेतही 'गडद पिवळा' होतं. पण वाळल्यावर रणगाडा उकडलेल्या लाल भोपळ्यासारखा दिसायला लागला. बायको म्हणाली, "भाजी करू का?" मी रंग लवकर वाळावा म्हणून तिचं केस वाळवायचं यंत्र लावलं, तर तोफेची नळी हळूहळू खाली वाकली. आधी मला वाटलं माझ्याच डोळ्यांत दोष आहे. मग पुढे तिने पार मानच टाकली.

कड्यांचं विचारूच नका. उजव्या बाजूच्या शहाण्णव मी एकेक करून लावल्या, त्यात मला चष्म्याचा नंबर बदलून घ्यावा लागला. डाव्या बाजूच्या एकसष्ट लागल्या. बाकीच्यांपैकी काही चिमट्यातून उडाल्या (शिराईसाहेबांचा समजूतदारपणावरचा विश्वास मी खोटा ठरवला), काही बायकोने झाडून काढल्या, आणि दोन माझ्या ऑफिसच्या बुटात सापडल्या, पण चपट्या होऊन.

आणि सगळ्यात मोठा अपमान झाला तो कचऱ्यावरून. आमच्याकडे कचरा पारदर्शक पिशवीत द्यावा लागतो. त्या महिन्यात कचऱ्यावर देखरेखीची पाळी उन्नोसानची होती. सकाळी त्यांनी माझी पिशवी माझ्या दारात परत आणून ठेवली, वर पिवळी चिठ्ठी, की प्लास्टिकच्या चौकटी वेगळ्या बांधाव्यात. चिठ्ठी देऊन ते हलेनात.

"इशिगामीसान, या रिकाम्या चौकटींवरून दिसतंय, की बाहेरची चाकं आधी कापलीत."

"कचऱ्यात बघता तुम्ही?"

"दिसतं हो. आतली चाकं आधी लावायची असतात. बाहेरची आधी लावली तर आतली जाणार कुठून?" मग थोडं थांबून, "गोंद लावून झाला?"

"वाळलासुद्धा."

त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. ते वाकले आणि म्हणाले, "मग उत्तमच असेल."

हेच, हेच मला सहन होत नाही! आमच्याकडची ही रीत आहे. काम हातात घेण्याआधी ज्याला जे वाटेल ते तो बोलतो, तुमच्या बोटांपर्यंत बोलतो. पण एकदा गोंद वाळला, की सगळ्या जगाला एकच शब्द येतो: उत्तम. आतली चाकं लावायची कशी, हे सांगायला तो माणूस मोकळा नव्हता. मला विचारायची लाज वाटली. मी आतली चाकं डब्यात घालून ठेवली आणि बाहेरच्यांवर भागवलं.

संस्कृती दिनाच्या सकाळी मी तो भोपळी रणगाडा पांढऱ्या चादरीवर ठेवला. टेबल भिंतीला लागून होतं, देवाची कृपा. डावी बाजू भिंतीकडे केली. तोफेखाली माहितीचं कार्ड असं उभं केलं, की नळी मुद्दामच त्यावर टेकवली आहे असं वाटावं. आणि शेजारी उभा राहिलो. माझ्या मनात एकच गोष्ट होती. बाई येतील, बावीस वर्षांच्या उत्तम रणगाड्यांच्या जागी हे बघतील, आणि त्यांचं टेबल रिकामं होतं तेच बरं होतं असं त्यांना वाटेल.

लोक यायला लागले. शिराईसाहेब आले, हात मागे बांधून उभे राहिले, म्हणाले, "उत्तम." लिफ्टमधले सगळे आले. उत्तम, उत्तम, फारच उत्तम. दाताचा डॉक्टरही आला, उत्तम म्हणाला. उन्नोसान आले. ते त्या चाकांकडे चार मिनिटं बघत राहिले. कपाळावरची शीर उडत होती, एकदा हात खिशातल्या भिंगाकडे गेला आणि परत आला.

"बोला ना," मी म्हणालो.

"रंग... धाडसी आहे."

"आणि?"

"उत्तम," ते म्हणाले आणि फुलांच्या मांडणीकडे पळाले.

मी भयंकर चिडलो. दोन महिने माझं जगणं मुश्किल केलं या लोकांनी, आणि आता नळी मान टाकून बसलीय, चाकं निम्मी आहेत, तर एकाच्या तोंडून खरं निघेल तर शपथ. बायकोला म्हणालो, "बघितलंस? सगळे तोंडावर खोटं बोलतायत."

"चांगलं म्हणतायत तर राग कसला येतो तुम्हाला?"

"चांगला झालाय का हा? तू सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "उत्तम झालाय," म्हणाली. म्हणजे घरच्या माणसानेसुद्धा मला वाऱ्यावर सोडलं.

ओइशीबाई अकराच्या सुमाराला आल्या. काळा स्वेटर, नीट बांधलेले केस. टेबलापुढे आल्या, वाकल्या, आणि बघायला लागल्या. मग त्यांनी जे आजवर त्या सभागृहात कुणी केलं नसेल ते केलं. दोन्ही हातांनी रणगाडा उचलला, फिरवला आणि परत ठेवला. डावी बाजू लोकांकडे आली. एकसष्ट कड्या, आणि पुढे काहीच नाही.

सगळ्या सभागृहाने एकदम दुसरीकडे बघितलं.

"इशिगामीसान," बाई म्हणाल्या. "हा फारच वाईट झालाय हो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या पुढे बोलतच राहिल्या, आणि आवाज अजिबात खाली आणला नाही.

"ह्यांनी बावीस वर्षांत एकच रणगाडा जोडला. एकच. दरवर्षी त्यावर नवा रंग द्यायचे आणि आणून ठेवायचे. रंगावर रंग चढून शेवटी तो साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता. त्याच्या तोफेचं तोंड उलट्या बाजूला चिकटलं होतं. ते खोके आणत राहिले. पुढचा कोणता घ्यावा ते नीट ठरवून मगच हात लावीन म्हणायचे. तो पहिला जमला का, हेच त्यांना कळत नव्हतं, तर दुसरा कसा निवडणार? प्रदर्शनाहून आलो की जेवायला बसताना विचारायचे, 'कुणी काही म्हणालं का?' मी म्हणायचे, 'सगळे उत्तम म्हणाले.' मग ते काही न बोलता जेवायचे. दरवर्षी."

फुलांच्या मांडणीजवळ उन्नोसान उभे होते, त्यांची मान खाली गेली होती.

"मलासुद्धा दिसत होतं तोंड उलटं आहे ते," बाई म्हणाल्या. "मी बावीस वर्षं उत्तम म्हणत राहिले. तुम्हाला तसं नाही घरी पाठवणार. नळी वाकलीय. रंग चुकलाय. इथे गोंदाचे ओघळ आलेत. आणि एवढी चाकं कमी का आहेत?"

"कारण आतली आधी लावायची असतात!" उन्नोसान मागून ओरडले. ते इतक्या जोरात ओरडले, की स्वतःच दचकले. मग लोकांना बाजूला सारत ते टेबलाशी आले, भिंग काढलं, आणि त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. "आतली आधी! मी कचऱ्यातून ओळखलं होतं! आणि हे बघा, साच्याची रेघ घासलेली नाही. चाळीस वर्षं आम्ही त्या रेघा बारीक करत आलो, आणि यांनी पॉलिश पेपर लावायचीसुद्धा तसदी घेतली नाही!"

"मी तर जपानी घ्या म्हणालो होतो," शिराईसाहेब म्हणाले.

"आरशावर जास्त रंग गेलाय, रणगाड्यावर कमी," ही माझी बायको!

"पहिल्यांदाच जोडलाय मी!" मी ओरडलो.

"ते दिसतंय," उन्नोसान म्हणाले.

त्रेपन्न वर्षांत चारचौघांत माझा असा पाणउतारा कुणी केला नव्हता. दाताचा डॉक्टरसुद्धा काहीतरी बोलायला पुढे सरसावत होता. मी पत्रिका उलटी केली, खिशातून पेन काढलं, आणि टेबलाच्या कडेवर वाकून बसलो. "एकेकाने बोला!" मी म्हणालो. "आणि सावकाश! आतली चाकं आधी. पुढे?"

ओइशीबाई माझ्या लिहित्या हाताकडे बघत राहिल्या. "ह्यांनीसुद्धा असंच लिहून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. मग स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले, आणि बोटाने अर्धवट कड्यांची बाजू दाखवली.

"लिहा. डावा पट्टा."